सातव्या रांगेतला उदबत्तीचा वाडगा

मी एक जुना उदबत्तीचा वाडगा आहे. क्वांग त्री प्रांतातल्या सैनिकांच्या दफनभूमीत, सातव्या रांगेतल्या चौथ्या थडग्यावर माझी जागा आहे. माझ्या अंगावर निळ्या रंगाचे एक कमळ आहे आणि त्याच्या मधोमध एक चीर गेली आहे. मित्रांनो, इथे हजारो थडगी आहेत आणि प्रत्येकावर एकेक वाडगा आहे. त्यातले बहुतेक एकाच वेळी मागवलेले, एकाच मापाचे, राखाडी रंगाचे आहेत. मी मात्र एका आईच्या मांडीवर बसून आगगाडीने इथे आलो.

माझा जन्म उत्तरेत, लाल नदीच्या काठच्या कुंभारांच्या गावात झाला. मला चाकावर घडवले, उन्हात वाळवले, एका बाईने माझ्यावर कमळ रंगवले आणि मग मी भट्टीत गेलो. तिथल्या आचेने माझा पाया एका बाजूला किंचित बसला. बाहेर काढल्यावर कुंभाराने मला फळीवर ठेवून पाहिले. मी डुगडुगलो. "हा लंगडा निघाला," असे म्हणून त्याने मला दुकानात अगदी मागे ठेवले. तिथे मी दोन वर्षे धूळ खात होतो.

१९९८ सालच्या वसंतात दुकानात सत्तरीची एक बाई आली. थाय बिन्हच्या भातशेतीच्या मुलुखातून ती आली होती. गावात तिला सगळे तोआनची आई म्हणत. आमच्याकडे बाईला पहिल्या मुलाच्या नावानेच ओळखतात. मूल गेले तरी ते नाव तिच्यापाशी राहते. सोबत तिची मुलगी लुआ होती. आई एकेक वाडगा उचलून नखाने वाजवून पाहत होती.

"आई, हा वाकडा आहे," मला पाहून लुआ म्हणाली.

"असू दे वाकडा. आवाज ऐक की. ते सगळे सरळ आहेत, पण बद्द वाजतात."

त्या बाईने मला लाल कापडात गुंडाळले. पुढचा सारा प्रवास मी तिच्या मांडीवर होतो, आणि मायलेकींच्या बोलण्यातून मला सगळे कळत गेले. तोआन एकविसाव्या वर्षी फौजेत गेला. १९७२ साली घरी कागद आला की त्याला दक्षिणेच्या आघाडीवर वीरमरण आले. कोणत्या गावात, कोणत्या नदीकाठी, हे त्यात नव्हते. पुढे राष्ट्राच्या कृतज्ञतेचे मानपत्र आले. ते चौकटीत घालून पूर्वजांच्या देव्हाऱ्यावर टांगले. पण मानपत्रासमोर बसून मुलाशी किती बोलणार? सव्वीस वर्षे आईने त्याची माती शोधली. शेवटी, मेलेल्यांशी बोलता येते असे सांगणारा एक माणूस तिला भेटला. त्याने डोळे मिटून सांगितले, क्वांग त्रीची दफनभूमी, सातवी रांग, चौथे थडगे.

त्या थडग्याच्या दगडावर कोरलेले होते, 'हुतात्मा. नाव अजून कळलेले नाही.'

दफनभूमीची देखभाल करणाऱ्याचे नाव त्राक. याच मातीत तो लढला होता. डाव्या हाताची दोन बोटे त्याने इथेच गमावली होती. इथे येणाऱ्या सैनिकांच्या प्रत्येक आईला तो आईच म्हणत असे.

खात्री करून घेण्याची एक रीत तेव्हा फार चालत असे. थडग्यावर जेवणाची एक काडी उभी रोवायची आणि तिच्या टोकावर कच्चे अंडे ठेवायचे. आत आपलाच माणूस असेल तर अंडे पडत नाही. तोआनच्या आईने पिशवीतून अंडे काढले तेव्हा त्राकने कपाळाला हात लावला.

"आई, गेल्या महिन्यात एकाच थडग्यावर दोन घरांची अंडी उभी राहिली. इथे हमरीतुमरी झाली, हमरीतुमरी!"

"त्यांचं शिळं असेल. हे माझ्या घरच्या कोंबडीचं आहे."

"थाय बिन्हपासून आणलंत? न फुटता?"

"पोरांना वाढवलंय मी. अंडं सांभाळता येत नाही होय मला?"

मित्रांनो, मी पाहिले तेवढेच सांगतो. एरवी लाओसकडून येणारा कोरडा वारा त्या दिवशी पडलेला होता. काडीचे टोक चौकोनी आणि खरखरीत होते. लुआचा हात स्थिर होता. दोनदा अंडे घरंगळले. तिसऱ्यांदा ते उभे राहिले आणि राहिले.

आई गुडघ्यांवर बसली. "किती हाका मारल्या रे तुला," एवढेच ती म्हणाली, आणि दगडावरची धूळ हाताने पुसू लागली. अंड्याबद्दल त्राक पुन्हा कधी बोलला नाही.

मग माझी स्थापना झाली. मी डुगडुगतो हे पाहून त्राकने कौलाचा एक तुकडा माझ्या पायाखाली सारला. भरायला वाळू आणू लागला तर आईने त्याला थांबवले. तिने घरून भाताच्या पेंढ्याची राख आणली होती, दोनदा चाळलेली.

"इथे वाळूचा ढीग पडलाय, आई."

"ती तुमच्याकडची. त्याला आमच्या भाताची ओळख आहे."

लुआने तोआनचा फोटो काचेच्या चौकटीत घालून दगडाला तारेने बांधला. दगडावर नाव रंगवावे अशीही तिची इच्छा होती. त्राकने मान हलवली. "फोटो लावा, फुलं ठेवा. दगडावर मात्र ब्रश नाही लावायचा. दगडाला कार्यालयाचा कागद लागतो."

तिथून माझी चांगली वर्षे सुरू झाली. दर जुलैमध्ये मायलेकी येत. पानात बांधलेला दाबून घट्ट केलेला भात, तिळाचे मीठ, चार केळी आणि पिवळी शेवंती. आमच्याकडे उदबत्तीची जुडी कुणी एकाच थडग्यावर संपवत नाही. आपल्या माणसाला तीन लावल्या की उरलेल्या घेऊन शेजारीपाजारी जायचे, प्रत्येकाला एकेक. तोआनची आई तर अख्खी सातवी रांग पुरी करी. त्राक एक सिगारेट पेटवून माझ्या राखेत उभी खोची.

"अरे, माझा तोआन ओढत नाही!"

"आई, फौजेत गेलेला ओढत नाही? तुम्हाला कधी सांगितलं नसेल."

"मग दे. पण एकच दे."

सत्तावीस जुलै हा हुतात्म्यांच्या स्मरणाचा, इथला मोठा दिवस. त्या दिवशी शाळांतली मुले येतात, मंत्री येतात, बिगुल वाजतो. सूर्य मावळला की प्रत्येक थडग्यावर एक मेणबत्ती लावतात. नाव असो वा नसो, सगळ्यांना एकच मेणबत्ती, एकाच उंचीची. टेकडी उजळून निघते. मोठी माणसे भाषणे करून जातात आणि मागे राहतात त्या मांडी घालून बसलेल्या बाया, आपापल्या दगडाशी हळू आवाजात बोलत. कुणाच्या नातवाचे लग्न ठरलेले असते, कुणाची म्हैस व्यालेली असते. मला ते बोलणे भाषणांपेक्षा जास्त आवडे.

एकदा वेगळाच प्रसंग घडला. उदबत्त्यांच्या जळून उरलेल्या लाल काड्या माझ्यात वर्षानुवर्षे साठल्या होत्या. एका तापलेल्या दुपारी, वारा सुटलेला असताना, त्या सगळ्या एकदम पेटल्या. त्राकने हातातला चहा माझ्यावर ओतला आणि कमळावर टणकन चीर गेली. फोनवर हे ऐकून आईला आनंद झाला. वाडगा पेटणे हा आमच्याकडे शुभशकुन मानतात.

"तोआन खूश आहे!"

"खूश कसला, आई. काड्या साठल्या होत्या. दर टेटला, नवं वर्ष लागताना, उपटायच्या असतात, मीच आळस केला."

"तू नास्तिकच राहा."

अशी एकवीस वर्षे गेली. आईला नव्वद उलटली, प्रवास बंद झाला, आणि लुआ एकटी येऊ लागली. २०१९ च्या आरंभी ती आली तेव्हा तिच्या मनावर ओझे होते. तिने ते त्राकपुढे उतरवले.

"आई म्हणते, मी जायच्या आधी तोआनला घरी आणा. शेतात तिच्या दफनाच्या जागेशेजारी त्याची जागा राखून ठेवलीय तिने."

"मग अर्ज कर की."

"केला. ते म्हणतात, तपासणी झाल्याशिवाय अस्थी हलवता येणार नाहीत. आईची लाळ घेणार, इथला एक दात घेणार आणि जुळवून बघणार." तिने दगडाला बांधलेल्या फोटोकडे पाहिले. मग म्हणाली, "दादा, आणि नाही जुळलं तर? एकदा गेलाच आहे तो. पुन्हा घालवू तिचा मुलगा, ह्या वयात?"

त्राकने माझ्यावरची वाळलेली पाने वेचली. "मला विचारू नकोस. त्या अंड्याच्या दिवशी मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. तिचा चेहरा बघितला आणि नाही उघडलं."

लुआने तपासणीला होकार दिला.

थडगे उघडले त्या दिवशी वर निळी ताडपत्री बांधली होती. एकदा बसवलेला वाडगा उगाच हलवत नाहीत, म्हणून त्राकने आधी हात जोडले. "बाळा, थोडा वेळ बाजूला ठेवतो, रागावू नको." मग त्याने मला गवतावर ठेवले. तिथून मला सगळे दिसत होते. प्रयोगशाळेची मंडळी मऊ ब्रशाने माती दूर करत होती. थोड्या वेळाने त्यांच्यातली एक तरुणी थांबली. तिच्या तळहातावर काचेची एक इवलीशी कुपी होती, औषधाची.

त्राक एकदम खाली बसला. "पेनिसिलीनची," तो म्हणाला. "आमचा नर्स रिकाम्या कुप्या जपून ठेवायचा. पोरगा गेला की नाव, गाव कागदावर लिहायचं, कुपीत घालायचं, बूच लावायचं आणि त्याच्यासोबत ठेवायचं. म्हणजे नंतर कुणी शोधत आलं तर..."

लुआ पुढे झुकली. पण रबरी बूच कुजून गेले होते आणि आत पाणी शिरले होते. कागदाचा ओलसर लगदा झाला होता. भिंगाखाली धरूनही एक अक्षर मिळाले नाही. कुणीतरी त्या मुलाचे नाव मागे ठेवण्यासाठी आपल्याला शक्य होते ते सगळे केले होते. कागद टिकला नाही, एवढेच.

दात मात्र टिकला होता. त्या तरुणीने लुआला शांतपणे समजावले की आईकडून तिच्या प्रत्येक मुलाला, मुलगा असो की मुलगी, पेशींमध्ये एक खूण जशीच्या तशी मिळते, आणि दातासारख्या कठीण जागेत ती अनेक वर्षे तग धरू शकते. सगळे पुन्हा नीट मातीआड ठेवले. मला माझ्या जागी बसवले.

पाच महिन्यांनी, सत्तावीस जुलैच्या दुपारी, लुआ पत्र घेऊन आली. तिने उदबत्ती लावली नाही. पायरीवर बसून तिने पत्र त्राकच्या हातात दिले. त्याने ते दोनदा वाचले. खूण जुळत नव्हती. इथे होता तो अठराच्या आसपासचा होता. हाडांची टोके अजून पूर्ण जुळायची होती. तोआन गेला तेव्हा तेवीस वर्षांचा होता.

"आईला नाही सांगणार मी," लुआ म्हणाली. "जुळलं म्हणून सांगते. मूठभर माती नेते इथली. तिला काय कळणार आहे?"

"आणि ती गेल्यावर तिच्याशेजारी काय ठेवशील? थाप?"

"तुम्हाला बोलायला सोपं आहे, दादा! तुम्ही नाही रोज तिच्या डोळ्यांत बघत."

त्राकने पत्र घडी करून तिला परत दिले. तेवढ्यात लुआच्या पिशवीतला फोन वाजला. म्हाताऱ्या आईला ऐकू कमी येई, म्हणून ती ओरडूनच बोले. मलाही प्रत्येक शब्द ऐकू आला.

"आलं का पत्र?"

"आलं, आई."

"मग गप्प का? तू गप्प झालीस म्हणजे समजले मी. नाही ना तो?"

लुआने डोळे मिटले. "नाही."

फोनमधून फक्त कोंबड्यांचा आवाज येत होता. मग आईचा आवाज पुन्हा आला. या वेळी ती ओरडली नाही.

"जो आहे तो किती वर्षांचा होता, लिहिलंय का?"

"अठराच्या आसपास."

"म्हणजे तेव्हा तू होतीस तेवढाच. आणि आपण त्याला एकवीस वर्षं दुसऱ्याच्या नावाने हाका मारत बसलो. त्याला कधी विचारलंसुद्धा नाही, बाबा तू कुणाचा. बिचाऱ्याने सगळं ऐकून घेतलं. लुआ, माफी माग त्याची."

"आई..."

"आत्ता माग. मला ऐकू दे."

लुआने फोन दगडाला टेकवून ठेवला. तीन उदबत्त्या पेटवल्या आणि दोन्ही हातांत धरल्या. पण हाक काय म्हणून मारावी? त्याला दादा म्हणावे तर तो मोठा नव्हता, बाळ म्हणावे तर लहान नव्हता.

"तुझं नाव मला माहीत नाही," ती शेवटी म्हणाली. "मी लुआ. आमची चूक झाली. आम्ही तुला आमचा समजलो, कारण आम्हाला कुणीतरी हवं होतं. तू रागावला असशील तर तेही बरोबरच आहे. माफ कर."

तिने उदबत्त्या माझ्यात खोचल्या. राख हलली.

"वाडगा घरी नेतेस का?" त्राकने हळूच विचारले. फोनमधल्या आईने ते नेमके ऐकले.

"वाडग्याला हात लावू नका! त्याच्याजवळ दुसरं आहे काय? पण तो फोटो काढून घ्या. तोआनचा चेहरा तिथे असला तर त्या पोराची माणसं आली तरी बघून पुढे निघून जातील."

मित्रांनो, हे ऐकून मला एकदम काही आठवले. त्या एकवीस वर्षांत अनेक अनोळखी माणसे सातव्या रांगेतून गेली होती. नाव नसलेल्या दगडापाशी ती थांबत, हात लावत, कधी काही पुटपुटत. माझ्यापाशी मात्र कुणी थांबत नसे. काचेतला फोटो पाहायचे, याला त्याची माणसे मिळाली असे म्हणायचे आणि पुढे जायचे. तपकिरी ब्लाउज घातलेली एक बाई तर दोन पावले पुढे जाऊन मागे वळली होती, पुन्हा फोटोकडे पाहून निघून गेली होती. ती त्याची कुणी होती का? मला माहीत नाही. कधीच कळणार नाही. मला इतकी फुले, इतका मान मिळाला, पण मी आणि तो फोटो मिळून एका दारावर चुकीची पाटी लावून बसलो होतो.

त्राकने पकडीने तारा तोडल्या. लुआने फोटो पुसून पिशवीत ठेवला. फोटोखालचा दगड बाकीच्यापेक्षा उजळ होता.

संध्याकाळी शाळेच्या मुली मेणबत्त्या घेऊन आल्या. त्यांच्यातल्या एकीने लुआला विचारले, "आजी, हे तुमचे कोण?"

"माझे कुणी नाहीत," लुआ म्हणाली. "याचं नाव शोधायचं आहे. तू कुठली? तुमच्या गावात कुणाचा अठरा वर्षांचा मुलगा परत आला नव्हता का, घरी जाऊन विचारशील?"

त्या मुलीने वहीत सातवी रांग, चौथे थडगे असे लिहून घेतले. मग बाकीच्या मुलींनीही लिहून घेतले. त्या दिवशी माझ्यासमोर पहिल्यांदा कुणी नुसता नमस्कार करून न जाता प्रश्न घेऊन गेले.

पुढची दोन वर्षे साथीची होती. दफनभूमीचे फाटक बंद होते. त्राकही आजारी पडला. माझ्यात पावसाचे पाणी साचले, डासांच्या अळ्या झाल्या, राखेचा चिखल झाला. चिरेतून शेवाळ वर चढले. २०२२ साली लुआ आली आणि तिने मला उपडे करून धुतले. धुताना ती सांगत होती की आई गेल्या हिवाळ्यात गेली. तिच्याशेजारची जागा अजून मोकळी आहे, तिथे लुआने काही ठेवले नाही. पण आईची खूण प्रयोगशाळेत जपून ठेवली आहे. तोआन कुठल्याही मातीत असो, त्याला ओळखायला आई अजून आहे. या अठरा वर्षांच्या मुलाच्या दातातली खूणही तिथेच आहे. ती खूण आता जुळायला कुणीतरी यायची वाट पाहते आहे.

आता अडचण वेळेची आहे. त्या पोरांच्या आया एकेक करून जात आहेत. बहिणीही म्हाताऱ्या झाल्या आहेत. खूण जुळवायला जिवंत माणूस लागतो, आणि असा माणूस दर वर्षी कमी होतो.

म्हणून मित्रांनो, माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. थडग्यावर फूल ठेवाल, मेणबत्ती लावाल, फार चांगले कराल. दगड पुसा, गवत उपटा, शेजारच्यालाही एक उदबत्ती द्या. पण एखाद्याचे नाव ठाऊक नसेल तर आपल्या समाधानासाठी त्याला दुसरे नाव चिकटवू नका. ती जागा मोकळी ठेवा, स्वच्छ ठेवा आणि विचारत राहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसा. कोण गेले होते, कोण आले नाही, ते त्यांच्याकडून आजच ऐकून घ्या. उद्यावर ठेवू नका.

एक दिवस खरी माणसे येतील. ती आपल्या घरची राख आणतील, आपल्या हाताने निवडलेला वाडगा आणतील आणि तो इथे बसवतील. आमच्याकडे कामातून गेलेला वाडगा वाहत्या नदीत सोडतात. थाक हान नदी इथून जवळच आहे. ज्या दिवशी ते मला तिच्यात सोडतील, त्या दिवशी या मुलाला कुणीतरी त्याच्या नावाने हाक मारत असेल. मी त्याच दिवसाची वाट पाहतो आहे.